नकाशा सर्व्हर रोज अकराच्या सुमारास आडवा. हीप चारची बारा केली तरी तेच

नकाशा_रखवालदार · सोमवार, दुपारी १:१०

मंडळी, तीन आठवडे एकटा झुंजतोय, आता हात टेकले म्हणून इथे आलो.

जिओसर्व्हर (नकाशे पुरवणारा सर्व्हर) आहे, टॉमकॅट ९ (जावाचा वेब सर्व्हर) वर, जावा ११. मशीन लिनक्सचं, १६ जीबी रॅम, ८ कोअर. डेटाबेस पोस्टग्रेस-पोस्टजीआयएस त्याच मशीनवर, पुढे रिक्वेस्ट आत सोडणारा एनजिनएक्स. चाळीसेक लेयर: रस्ते, भूखंडांच्या हद्दी, पाण्याच्या लाइनी, शिवाय विमानातून काढलेल्या फोटोंचं एक मोठं मोझेक. वापरणारे एका वेळी वीस-पंचवीस, त्याहून जास्त कधीच नाहीत.

सकाळी सगळं झकास चालतं. साडेदहा-अकराला कधीतरी नकाशा अर्धा येतो, मग येतच नाही. लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी एरर, जावा हीप स्पेस'. दहा-पंधरा मिनिटं कोणालाच उत्तर नाही. तेवढ्यात माझा फोन वाजायला लागतो, मी रिस्टार्ट मारतो, मग संध्याकाळपर्यंत शांत. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार दिवस हमखास.

आतापर्यंत काय केलं: एक्सएमएक्स (जावाच्या हीपची, म्हणजे त्याच्या कामाच्या मेमरीची, कमाल मर्यादा) ४ जीबी होता, ८ केला. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच, फक्त थोडं उशिरा. १२ केला, तर त्याहून विचित्र. एररच नाही! टॉमकॅटचा कॅटलिना लॉग मधल्या ओळीत तुटलेला आणि जावाची प्रोसेस गायब. घाबरून परत ८ वर आलोय.

कुठेतरी मेमरी लीक आहे (वापरून झालेली मेमरी सुटत नाही) हे नक्की. पण जिओसर्व्हरमध्ये लीक शोधायची तरी कुठून?

—

घाईतला_कोडर · सोमवार, दुपारी १:३२

आमच्याकडे पण असंच व्हायचं. मशीन ३२ जीबीचं घ्या, एक्सएमएक्स २० ठेवा आणि पहाटे चारला आपोआप रिस्टार्ट होईल असा क्रॉन लावून टाका. झोप लागते. लीकच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

—

जुना_टॉमकॅट · सोमवार, दुपारी ३:०५

क्रॉन पहाटे चारला आणि सर्व्हर पडतो अकराला. मधल्या सात तासांत असं काय गळतं की बाकीच्या सतरा तासांत गळत नाही?

रखवालदार, तुम्ही दोन वेगळे आजार एकाच नावाने सांगताय. ते आधी सुटे करू.

१२ जीबीला जे झालं ते जावाचं दुखणं नव्हे. तो कर्नलचा ओओएम किलर, मशीनची मेमरी संपली की प्रोसेस मारणारा. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'किल्ड प्रोसेस' शोधा, जावाचं नाव सापडेल. सिस्टमडीने नोंद ठेवली असेल तर तिथे सिग्नल ९ दिसेल. कंटेनर असता तर एक्झिट कोड १३७ मिळाला असता, म्हणजे १२८ अधिक ९. जावाला बाहेरून मारल्यावर तो लॉग कसा लिहिणार? एक्सएमएक्स ही फक्त हीपची मर्यादा. तिच्या बाहेर मेटास्पेस, कोड कॅशे, डायरेक्ट बफर, जीसीच्या (हीपची सफाई करणाऱ्या भागाच्या) स्वतःच्या वह्या, आणि प्रत्येक थ्रेडचा स्टॅक (६४ बिट लिनक्सवर डीफॉल्ट १ एमबी, टॉमकॅटचे कमाल थ्रेड डीफॉल्ट २००) हे सगळं वेगळं. १२ ची हीप म्हणजे प्रोसेस १३-१४ सहज. उरलेल्या दोनात पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर आणि लिनक्सची फाइल कॅशे कोंबायची. तेव्हा ८ वर परत आलात हे बरं केलंत.

आता ८ जीबीवरचा खरा आजार. लीक म्हणण्याआधी एक गोष्ट बघा. जावाची मेमरी दाखवणाऱ्या 'जेस्टॅट'ला जीसी-यूटिल पर्याय देऊन दर दहा सेकंदांनी चालू ठेवा, किंवा जीसी लॉग लावा (जावा ९ पासून एक्सलॉग, त्यात जीसी आणि तारांकन). बघायचं एवढंच: मोठी सफाई झाल्यावर हीप किती उरते? तो तळ दिवसागणिक वर चढत असेल तर लीक. तळ जागच्या जागी आणि एकाएकी भिंत उभी राहत असेल, तर लीक नाही. मग कोणीतरी एकदम खूप मागतंय.

—

नकाशा_रखवालदार · मंगळवार, दुपारी १२:२०

डीमेसेजचं शंभर टक्के खरं निघालं. जावाचं नाव, तारीख, वेळ, सगळं तिथे आहे. तीन आठवडे मी कॅटलिना लॉगच चाळत बसलो होतो.

जेस्टॅट काल दुपारपासून चालू ठेवला. रात्री तळ १.२ जीबी. आज सकाळी नऊला १.२. साडेदहाला १.३. आणि १०:५२ नंतर सरळ भिंत. तीन-चार मिनिटांत ओल्ड जनरेशन (हीपमधला टिकून राहणाऱ्या वस्तूंचा भाग) भरलं, फुल जीसीवर फुल जीसी, आणि आडवा. म्हणजे लीक नाही, मान्य.

पण एक कोडं आहे. मरताना हीप पूर्ण भरलेली नव्हती! ८ पैकी दीड जीबी मोकळी दिसत होती. तरी 'हीप स्पेस' संपली कशी?

—

जुना_टॉमकॅट · मंगळवार, दुपारी २:४०

दीड जीबी मोकळी आहे, पण सलग नाही.

जावा ११ ला डीफॉल्ट जी-वन कलेक्टर. तो हीपचे सारखे तुकडे पाडतो; एक तुकडा काही एमबीचा. तुकड्याच्या अर्ध्याहून मोठी वस्तू आली की ती 'ह्युमंगस', आणि तिला एकमेकांना लागून असलेले तुकडेच हवेत. असे धोंडे तो सफाई करताना हलवतही नाही, बाकीचा पसारा त्यांच्या भोवतीने आवरतो. म्हणजे मोकळी जागा भरपूर, पण धोंड्यांच्या फटींमध्ये विखुरलेली. कपाटात जागा असते आणि तरी सतरंजी मावत नाही, तसं.

या एका गोष्टीवरून माझा अंदाज: कोणीतरी एकेक ॲरे काही शे एमबीचा मागतंय. नकाशा सर्व्हरमध्ये एवढा मोठा ॲरे म्हणजे जवळजवळ नेहमी चित्र.

पुढची पायरी, हीप डम्प, म्हणजे हीपची फाइलमध्ये उतरवलेली नक्कल. 'हीप डम्प ऑन आउट ऑफ मेमरी एरर' हा डबल एक्स पर्याय चालू करा आणि 'हीप डम्प पाथ' द्या. पाथ द्याच, आणि तो वेगळ्या डिस्कवर द्या, कारण फाइल हीपएवढी होऊ शकते. नंतर एक्लिप्स मेमरी ॲनालायझरमध्ये उघडा. त्या ॲनालायझरलाही त्याच्या आयएनआय फाइलमध्ये एक्सएमएक्स वाढवून द्यावा लागेल, नाहीतर तोच आउट ऑफ मेमरीने पडेल.

—

ऑर्थो_मोझेक · मंगळवार, सायंकाळी ६:१५

मध्येच शिरतो. 'विमानातले फोटो' वाचलं आणि माझे कान टवकारले. ते टिफ आतून टाइल केलेले (चौकोनी तुकड्यांत) आहेत का? ओव्हरव्ह्यू (लहान केलेल्या प्रती) आहेत का? जीडीएएल-इन्फो चालवा आणि 'ब्लॉक' पुढचा आकडा बघा. २५६ गुणिले २५६ किंवा ५१२ गुणिले ५१२ असेल तर ठीक. चित्राची पूर्ण रुंदी गुणिले १ असेल, तर एवढासा कोपरा काढायलाही सर्व्हर अख्ख्या ओळी वाचतो. उपाय: जीडीएएल-ट्रान्सलेटने टाइल्ड करून घ्या, मग जीडीएएल-ॲडोने २, ४, ८, १६ चे ओव्हरव्ह्यू.

आणि जिओसर्व्हरच्या इमेज प्रोसेसिंगच्या पानावर टाइल कॅशेची 'मेमरी कपॅसिटी' बघा. डीफॉल्ट ०.५ असते, म्हणजे अर्धी हीप! रास्टर जास्त वापरात असेल तर ती कॅशे तिथपर्यंत फुगते आणि बघणाऱ्याला वाटतं लीक आहे.

—

नकाशा_रखवालदार · बुधवार, दुपारी ४:५०

आधी ऑर्थो_मोझेक यांना: ब्लॉक ५१२ चे, ओव्हरव्ह्यू पाच. ते मी आल्याआल्या करून घेतलं होतं, त्यात मी पास. मेमरी कपॅसिटी ०.५ च होती, ती ०.२५ केली. फरक शून्य, पण राहू दे.

आता आजची कथा. डम्पचा पर्याय लावला. पाथ 'द्याच' म्हणालात, दिला; वेगळ्या डिस्कवर द्यायचं मात्र 'उद्या बघू' म्हटलं. टेम्प फोल्डर दिला, तो रूट डिस्कवरच. ११:०४ ला सर्व्हर पडला, डम्प लिहायला लागला, ६.९ जीबीवर डिस्क भरली. त्याच डिस्कवर पोस्टग्रेस. त्याला लिहायला जागा नाही, तोही थांबला. आजपर्यंत फक्त नकाशा पडायचा, आज मी डेटाबेसही पाडून दाखवला. डम्प अर्धवट, ॲनालायझर उघडेना. उद्या वेगळी डिस्क जोडून पुन्हा.

आज हाती एवढंच लागलं की पडायच्या जरा आधी जेमॅपचा हिस्टोग्राम (कोणत्या प्रकारच्या वस्तूंनी किती मेमरी खाल्ली ती यादी) काढला होता. सर्वात वर बाइट ॲरे, साडेपाच जीबीच्या आसपास. म्हणजे चित्रंच ना?

—

जुना_टॉमकॅट · बुधवार, सायंकाळी ७:३०

तेवढ्यावरून नाही म्हणता येत. जावा ९ पासून स्ट्रिंगच्या आतही बाइट ॲरेच असतो, त्यामुळे हिस्टोग्राममध्ये बाइट ॲरे बहुतेक वेळा वरच बसलेले असतात. आकार आणि संख्या एकत्र बघा. पाच जीबी दहा लाख नगांत असेल तर मजकूर. पाच जीबी दहा-पंधरा नगांत असेल तर चित्र. हिस्टोग्राम फक्त बेरीज सांगतो, एकेका नगाचा आकार बघायला डम्पच हवा.

उद्या डम्प उघडला की 'लीक सस्पेक्ट्स'चा रंगीत अहवाल बंद करा, तुमच्याकडे लीक नाहीच. सरळ 'डॉमिनेटर ट्री', म्हणजे कोण किती मेमरी धरून बसलंय ते. तिथे एचटीटीपी-एनआयओ नावाचे टॉमकॅटचे थ्रेड वरती दिसतील. एक थ्रेड उलगडा, आत 'गेटमॅप रिक्वेस्ट' (नकाशाचं चित्र मागणारी रिक्वेस्ट) नावाची वस्तू शोधा. तिच्या पोटात रुंदी, उंची, बीबॉक्स (मागितलेल्या भागाची चौकट), लेयर, सगळं आहे. खुनी स्वतःचा पत्ता खिशात घेऊन फिरतो.

आणि टॉमकॅटच्या ॲक्सेस लॉगमध्ये शोधू नका. तो ओळ लिहितो उत्तर देऊन झाल्यावर. ज्या रिक्वेस्टने सर्व्हर मारला तिचं उत्तर कधी गेलंच नाही, त्यामुळे ती तिथे बहुधा नसतेच. एनजिनएक्सचा लॉग घ्या आणि ५०४ आणि ४९९ एवढेच चाळा. ५०४ म्हणजे एनजिनएक्स वाट बघून कंटाळला (डीफॉल्ट ६० सेकंद), ४९९ म्हणजे समोरचा माणूस कंटाळून गेला. सर्व्हरला जड पडलेली रिक्वेस्ट या दोहोंपैकी एकात सापडते.

—

नकाशा_रखवालदार · गुरुवार, दुपारी १:४५

सापडलं. आणि आधीच कबूल करतो: गुन्हेगार मीच आहे.

डम्प यावेळी नीट उतरला. डॉमिनेटर ट्रीमध्ये चार थ्रेड वर. एचटीटीपी-एनआयओ-८०८०-एक्झेक-७ उलगडला. आत तीन बाइट ॲरे, तिन्हींचा आकार तंतोतंत ५५,७९,५६,४९६ बाइट. दुसरा थ्रेड, तेच तीन. तिसरा, तेच. चौथ्यात एकच, दुसरा मागतानाच तो मेला. एकूण दहा ॲरे, म्हणजे साडेपाच जीबी. हिस्टोग्रामचं कोडंही सुटलं. गेटमॅप रिक्वेस्ट उघडली: रुंदी ९९३३, उंची १४०४३.

हे आकडे मला पाठ आहेत. ए-झिरो कागद, ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). आमच्या नकाशाच्या पानावर 'छापा' बटण आहे, ते सहा महिन्यांपूर्वी मीच बसवलं. दुपारच्या बैठकीला मोठा नकाशा भिंतीवर लावतात, त्याची छपाई साडेदहा-अकराला चालते. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये त्याच रिक्वेस्टच्या ओळी: ५०४, ५०४, ५०४, अंतर बासष्ट-त्रेसष्ट सेकंदांचं. मिनिटभर थांबायचं, एररची पाटी आली की परत बटण दाबायचं. छापणारा बिचारा चिकाटीचा. आणि एनजिनएक्सने पाठ फिरवली तरी मागे जिओसर्व्हर तेच चित्र रंगवत बसलेला, त्याला कुणी थांब म्हटलेलंच नाही.

आता मूळ पाप. बटण बसवलं तेव्हा पहिल्याच दिवशी एरर आली होती की या रिक्वेस्टला लागणारी मेमरी मर्यादेपेक्षा जास्त आहे. मला त्याच दिवशी छापून द्यायचं होतं. डब्ल्यूएमएसच्या (नकाशाचं चित्र देणाऱ्या सेवेच्या) पानावर 'रिसोर्स कन्झम्प्शन लिमिट्स'मध्ये रेंडरिंग मेमरी ६५५३६ केबी होती, ती मी ० केली. शून्य म्हणजे अमर्याद. सोबत रेंडरिंगचा वेळही ६० सेकंदांवरून ०. नंतर विसरून गेलो, आणि तीन आठवडे लीक शोधत बसलो.

आता एकच कळत नाही. ९९३३ गुणिले १४०४३ गुणिले ४ म्हणजे ५५,७९,५६,४७६, तो एक ॲरे झाला (वरचे वीस बाइट हेडरबिडर असतील). पण एका रिक्वेस्टला तीन कशाला?

—

जुना_टॉमकॅट · गुरुवार, दुपारी ३:२०

शाब्बास. आता हिशोब जुळला: तळ १.२, एका क्लिकला १.७ जीबीच्या आत-बाहेर. ४ जीबीला दुसऱ्या क्लिकला मरण, ८ ला चौथ्या. १२ ला जावा तरला असता पण कर्नलने उचलला. तुम्ही रॅम वाढवत नव्हता, छापणाऱ्याला आणखी दोन वेळा बटण दाबायची मुभा देत होता.

तीन कशाला, ते तुमच्या एसएलडीत (स्टाइलच्या फाइलीत). एका लेयरच्या स्टाइलमध्ये एकापेक्षा जास्त 'फीचर टाइप स्टाइल' असल्या की जिओसर्व्हर पहिली मुख्य चित्रावर रंगवतो, आणि नंतरच्या प्रत्येकीला तेवढ्याच आकाराचा वेगळा पडदा देतो, शेवटी एकावर एक ठेवतो. रस्त्याची काळी कड आणि आतला पांढरा पट्टा वेगळा करायची ती नेहमीची युक्ती. २५६ च्या टाइलला ते पडदे पाव-पाव एमबीचे, कुणाला कळतही नाही. ए-झिरोला प्रत्येकी ५५८ एमबी. पण त्या-त्या स्केलला जी चालू असेल तिच्यासाठीच पडदा लागतो. तुमची स्टाइल कोणत्या स्केलला किती उघडते ते बघून सांगा. आणि छापता कोणत्या स्केलला?

—

नकाशा_रखवालदार · गुरुवार, दुपारी ३:५५

छापतो १:१०,००० ला. रस्त्यांच्या स्टाइलमध्ये तीन आहेत: मधली रेघ सगळ्या स्केलला, कड आणि पूल फक्त १:५,००० पेक्षा जवळ गेल्यावर. म्हणजे दहा हजाराला एकच चालू असायला हवी. तीन कशा?

—

जुना_टॉमकॅट · गुरुवार, दुपारी ४:३०

रिक्वेस्टमध्ये फॉरमॅट ऑप्शन्स दिलेत का, डीपीआय ३००? मला वाटतं नसणार.

सर्व्हरला कागद दिसत नाही. त्याला दिसतात पिक्सेल आणि बीबॉक्स. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर तो धरतो की एक पिक्सेल म्हणजे ०.२८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ९० डीपीआय. दहा हजाराच्या नकाशात ३०० डीपीआयला एक पिक्सेल जमिनीवर ०.८४७ मीटर. त्याला ०.०००२८ ने भागा: ३०२४. तुम्ही १:१०,००० छापताय, आणि सर्व्हरला वाटतंय १:३,०२४ मागितलंय. म्हणून कड उघडली, पूल उघडले, भूखंडांचे क्रमांक असतील तर तेही. मेमरी तिप्पट, डेटाबेसमधून ओढ जास्त, वेळ जास्त. आणि वेळ लागला की बटण पुन्हा दाबलं जातं.

खात्री करायची असेल तर छापलेला कागद जवळून बघा. रेघा केसासारख्या बारीक आणि अक्षरं मुंगीएवढी असतील. ३०० डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे ०.०८ मिलिमीटरच.

—

नकाशा_रखवालदार · गुरुवार, सायंकाळी ५:१०

अहो, सहा महिने मी ऐकतोय, 'छापील नकाशात रस्ते दिसत नाहीत'! मी प्लॉटरच्या शाईवर ढकलत होतो.

—

ऑर्थो_मोझेक · गुरुवार, रात्री ९:००

माझा तर्क चुकला, पण धागा वसूल.

छपाईसाठी एक भर. ६५५३६ केबी परत लावलीत (ती मर्यादा म्हणजे बरोबर ४०९६ गुणिले ४०९६ चं चार-बाइटी चित्र) तर ए-झिरो अडकेल. पण मर्यादा सगळ्यांना सारखी ठेवायची गरज नाही. छपाईचे लेयर वेगळ्या वर्कस्पेसमध्ये घ्या आणि त्या वर्कस्पेसपुरती डब्ल्यूएमएस सेटिंग वेगळी ठेवा. ए-झिरोचा एक पडदा ५,४४,८८० केबी होतो, तर तिथे ६,००,००० द्या. वेळेची मर्यादाही तिथेच थोडी सैल.

दुसरं, कंट्रोल-फ्लो एक्स्टेन्शन. गेटमॅप एका वेळी किती चालवायच्या ते त्यात ठरतं, बाकीच्या रांगेत थांबतात. ८ कोअरला १६ पुरेत. आणि मर्यादा आउटपुट फॉरमॅटनुसारही लावता येते. छपाई टिफमध्ये मागवा, ब्राउझरमधला नकाशा पीएनजीत राहू दे, आणि टिफसाठी मर्यादा १. मग कोणी कितीही दाबलं तरी एका वेळी एकच धोंडा. बाकी बटण एकदा दाबल्यावर काम होईपर्यंत करडं करून टाका, ते जावास्क्रिप्टच्या दोन ओळींचं काम आहे.

—

घाईतला_कोडर · गुरुवार, रात्री ९:४०

क्रॉनचं मागे घेतो. आमच्याकडेही 'एक्स्पोर्ट' बटण आहे, उद्या बघतो त्याच्या मागे काय दडलंय.

—

नकाशा_रखवालदार · पुढचा बुधवार, दुपारी १२:४०

काय केलं ते लिहून ठेवतो, कोणाच्या उपयोगी पडलं तर.

एक्सएमएक्स ६ जीबी केला, कमी. एक्सएमएस (सुरुवातीची हीप) पण तेवढाच. वाचलेलं पोस्टग्रेस आणि फाइल कॅशेला. सार्वजनिक डब्ल्यूएमएसला ६५५३६ केबी आणि ६० सेकंद, जसं होतं तसं. छपाईचं वर्कस्पेस वेगळं. रिक्वेस्टमध्ये डीपीआय ३००. डम्पचा पाथ वेगळ्या डिस्कवर, तो पर्याय मी काढणार नाही. कंट्रोल-फ्लोमध्ये टिफ १, एकूण गेटमॅप १६. एनजिनएक्सचा थांबण्याचा वेळ फक्त छपाईच्या पत्त्यासाठी १८० सेकंद.

पहिली छपाई सोमवारी मी शेजारी जेस्टॅट उघडून बघितली. ओल्ड जनरेशन साधारण अर्ध्या जीबीने वर गेलं, ४१ सेकंदांनी फाइल आली, पुढच्या सफाईत परत १.२. तीन दिवस झाले, अकराला फोन आलेला नाही.

नवीन तक्रार आली आहे: रेघा आता नीट दिसतात, पण नावं इतकी मोठी झाली की चौकात एकमेकांवर चढतात आणि काही गायबच होतात. डीपीआय दिल्यावर अक्षरं तिपटीहून मोठी होणार हे समजलं, पण भूखंडांच्या स्टाइलमध्ये फॉन्ट २४ कोणी ठेवला होता?

—

जुना_टॉमकॅट · बुधवार, दुपारी १:१५

बारीक दिसतात म्हणून वाढवला असणार कोणीतरी. एसएलडीचा इतिहास गिटमध्ये आहे का?

—

नकाशा_रखवालदार · बुधवार, दुपारी १:२०

आहे. बघितला. मीच. ११ करून टाकलाय.